आवश्यक खर्च कोणता? : तिरुवैयारु आणि तंजावरच्या इतिहासाची साक्ष

आमच्या घरी जमाखर्चाची एक लांबोडी वही असे. तिच्या प्रत्येक पानावर वडिलांनी तांबड्या शाईने मधोमध एक उभी रेघ ओढलेली असे. रेघेच्या डाव्या अंगास 'आवश्यक' आणि उजव्या अंगास 'इतर'. तांदूळ, डाळ, घरभाडे, शाळेची फी, औषधपाणी ही मंडळी निमूटपणे डावीकडे जाऊन बसत. वर्तमानपत्र, मासिकाची वर्गणी, पाहुण्यांसाठी आणलेले फळफळावळ यांची जागा मात्र दर महिन्याला नव्याने ठरे. महिनाअखेरीस आईवडिलांत जी काही थोडी बोलाचाली होई, ती बहुधा या तांबड्या रेघेवरूनच होई.

पुष्कळ वर्षे लोटली. वही गेली, वडील गेले. वाद मात्र राहिला. आता तो मुलगा आणि सून यांच्यात, कधी मी आणि नातू यांच्यात होतो, आणि त्याचा विषय असतो मोबाईलचे रिचार्ज व घरातील इंटरनेट. हा खर्च डावीकडे मांडावयाचा की उजवीकडे? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दक्षिणेतील मराठ्यांच्या इतिहासावर काही लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा हाच प्रश्न मनात घोळत होता. विचार करता करता ध्यानात आले की, प्रश्न नवा असला तरी वाद जुना आहे. आणि तो जितक्या स्पष्टपणे तंजावर व तिरुवैयारु येथील इतिहासात मांडला गेला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. म्हणून ही साक्ष काढावी असे ठरविले.

पंचनद क्षेत्रातील एक घर

तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर कावेरीच्या काठी वसलेले गाव. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान. संस्कृतात त्यास पंचनद क्षेत्र म्हणतात. पंचनदीश्वराचे प्राचीन देवालय, पुष्यमंडपाचा घाट, नदीकाठी मराठा राजवटीची आठवण सांगणारा कल्याणमहाल, आणि संत त्यागराजांची समाधी, ही या गावाची ओळख. दरवर्षी पुष्य वद्य पंचमीस येथे आराधना होते, आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. तो सोहळा पाहण्यास देशोदेशीचे रसिक लोटतात.

त्यागराजांचा जन्म इ.स. १७६७ मधला, तिरुवारूरचा. आयुष्य मात्र तिरुवैयारु येथे गेले, आणि १८४७ च्या जानेवारीत तेथेच ते समाधिस्थ झाले. म्हणजे तंजावरच्या गादीवर तुळजाजी, अमरसिंह, सरफोजी आणि दुसरे शिवाजी असे चार मराठे राजे त्यांनी पाहिले. त्यांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे स्वतः दरबारी गायक. तेव्हा दरबाराचे दार त्यांना बंद नव्हते; उलट ते उघडे असूनही त्यांनी त्यात पाऊल टाकले नाही, हीच त्यांच्या चरित्रातील मुख्य गोष्ट मानली जाते.

परंपरा असे सांगते की, सरफोजीराजांकडून द्रव्य व मानाचे आमंत्रण आले असता त्यागराजांनी ते नाकारले. कल्याणी रागातील त्यांची एक विख्यात कृती याच प्रसंगाशी जोडली जाते. धनाचे सुख मोठे की रामाच्या सान्निध्याचे, असा प्रश्न तीत केलेला आहे. परंपरा पुढे असेही सांगते की, या नकाराने त्यांचे वडील बंधू संतापले आणि त्यांनी पूजेतील राममूर्ती कावेरीत फेकून दिल्या. पुढे त्या नदीच्या वाळवंटात पुन्हा सापडल्या. आख्यायिकेतील चमत्काराचा भाग भाविकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तीत दिसते ते एक साधे घर. एका घरात दोन भाऊ आहेत, उत्पन्न तुटपुंजे आहे, आणि काय आवश्यक यावर दोघांचे एकमत नाही. थोरल्या भावाच्या वहीत धान्य, वस्त्र आणि लौकिक डावीकडे आहेत. धाकट्याच्या वहीत पूजा आणि गायन. आपण आज धाकट्याची बाजू घेतो, कारण काळाने तिला कौल दिला. पण त्या दिवशी, त्या ओसरीवर उभे राहून, चुलीकडे पाहत थोरल्याला सर्वस्वी चुकीचे ठरविणे तितके सोपे नव्हते.

त्यागराजांचा निर्वाह उंछवृत्तीने चाले. भजन म्हणत गावातून फिरावे आणि लोक जे धान्य घालतील त्यावर त्या दिवसाचे भागवावे, अशी ती रीत. साठवण नाही, म्हणून चिंता नाही. देणेकरी नाही, म्हणून मिंधेपणा नाही. येथे आपल्याला पहिली कसोटी मिळते : *जो खर्च माणसाचे स्वातंत्र्य गहाण टाकावयास लावतो, तो कितीही सुखाचा असला तरी आवश्यक नव्हे.* परंतु या चित्राची दुसरी बाजूही विसरता कामा नये. उंछवृत्ती म्हणजे बिनखर्ची जीवन नव्हे. तो खर्च तिरुवैयारुच्या गृहिणी आपल्या डब्यातील मूठभर तांदूळ काढून भागवीत होत्या. दाराशी आलेल्या भजनासाठी मूठभर तांदूळ बाजूस ठेवणे हे त्यांनी आपल्या वहीच्या डाव्या अंगास लिहिले होते. ते त्यांनी उजवीकडे ढकलले असते, तर ते गायन किती दिवस तग धरते?

राजवाड्याचा जमाखर्च

आता कावेरी ओलांडून तंजावरच्या राजवाड्याकडे वळू. व्यंकोजीराजांनी इ.स. १६७५-७६ च्या सुमारास स्थापिलेले हे राज्य अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्जाने पार पोखरले होते. अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साह्याने १७७१ मध्ये आणि पुन्हा १७७३ मध्ये तंजावरवर चाल केली. दुसऱ्या वेळी तुळजाजीराजे पदच्युत झाले आणि १७७६ मध्ये पुन्हा गादीवर बसले. पाठोपाठ १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने सुपीक मुलूख उजाड केला. खंडणी, फौजखर्च आणि सावकारांचे व्याज, एवढ्याच तीन बाबी राज्याच्या वहीत ठळक दिसू लागल्या.

अखेर २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला व लगतचा थोडा परिसर राहिला, आणि वार्षिक नेमणूक ठरली : एक लक्ष स्टार पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, व त्याशिवाय मुलखाच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. राजा होता, राज्य नव्हते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर सरफोजीराजे हे एका फार मोठ्या कुटुंबाचे, ठराविक उत्पन्नात संसार चालविणारे कर्ते पुरुष झाले. लढाई नाही, सैन्य नाही. प्रश्न एवढाच उरला की, आलेला पैसा कशावर खर्चावयाचा.

या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर आजही थक्क करणारे आहे. त्यांनी ग्रंथ घेतले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महालात त्यांनी पोथ्यांची इतकी भर घातली की, आज तो संग्रह एकोणपन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखितांचा मानला जातो. त्यांत मराठी हस्तलिखितेच तीन हजारांहून अधिक आहेत. काशीयात्रेस गेले तेव्हा तेथूनही पोथ्यांच्या नकला आणविल्या. युरोपात छापलेली वैद्यक, शास्त्र, वाङ्मय व चित्रकला यांवरील हजारो पुस्तके मागविली. राजवाड्यात 'नवविद्याकलानिधी' नावाने शाळा व देवनागरी छापखाना काढला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापले गेले. महाराष्ट्रात छापील मराठी पुस्तक घरोघरी जाण्यास अजून बराच अवकाश होता. धन्वंतरी महालात औषधांची पारख चाले; नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवल्या जात. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला गेला.

एखाद्या काटकसरी कारभाऱ्याने ही यादी तपासली असती तर त्याने यातील बहुतेक सर्व रकमा तांबड्या रेघेच्या उजवीकडे ढकलल्या असत्या. पोटाला पोथी लागत नाही. परंतु या घराचे आज जे शिल्लक आहे ते नेमके या उजव्या बाजूचे आहे.

राजवाड्याचे सर्वच खर्च असे शहाणपणाचे होते असे मात्र म्हणवत नाही. पट्टुकोट्टैनजीक समुद्रकाठी 'मनोरा' नावाची एक उंच इमारत उभी आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजीराजांनी ती १८१४ च्या सुमारास बांधली. इमारत देखणी आहे. पण ज्या विजयाशी तंजावरच्या रयतेचा काडीचाही संबंध नव्हता, त्यासाठी नेमणुकीच्या पैशांतून स्तंभ उभारणे हा खर्च वरकरणी हौसेचा आणि आतून लाचारीचा दिसतो. नेमणूक देणाऱ्यास प्रसन्न ठेवावे लागे. मनोऱ्याकडे पाहताना तिरुवैयारुच्या उंछवृत्तीची पहिली कसोटी आठवल्याशिवाय राहत नाही.

छत्रांसाठी लिहिलेले पत्र

राजा आणि कंपनी यांच्यात 'आवश्यक' या शब्दावरून जो खरा वाद झाला, तो छत्रांचा. रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंच्या सोयीसाठी तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली होती आणि त्यांना जमिनी लावून दिल्या होत्या. त्यांतील ओरत्तनाडू येथील छत्र सरफोजीराजांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ उभारलेले; मरणसमयी तिने आपल्या नावे अन्नदान व्हावे एवढीच इच्छा सांगितली, असे म्हणतात. मुलूख कंपनीकडे गेल्यावर या छत्रांच्या उत्पन्नाचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

१८०१ च्या आरंभी सरफोजीराजांनी या बाबतीत रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस पत्र लिहिले. त्या पत्रात ते छत्राचा दिनक्रम एखाद्या गृहिणीच्या बारकाईने सांगतात. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि सर्व पंथांच्या बैराग्या-गोसाव्यांपर्यंत जो वाटसरू येईल त्यास शिजलेला भात मिळतो. शिजविलेले न खाणाऱ्यांस तेवढाच शिधा दिला जातो. ही वाटणी मध्यरात्रीपर्यंत चालते, आणि मग घंटा वाजवून, ज्यांना अजून मिळाले नाही त्यांना बोलावले जाते. जो आजारी पडून पुढे जाऊ शकत नाही त्यास वैद्य, औषध व पथ्याचे अन्न मिळते. तान्ह्या मुलांसाठी दूध आहे, बाळंतिणींची सोय आहे, पोरक्या मुलांसाठी पंतोजी आहेत. हे दानधर्म चालू राहणे हेच आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

या पत्रातील युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. राजाने असे म्हटले नाही की, आम्हास वैभव हवे. त्याने प्रत्येक रकमेपुढे एक माणूस उभा केला. हा खर्च बंद झाला तर मध्यरात्रीच्या घंटेनंतर येणारा वाटसरू उपाशी राहील. हा बंद झाला तर तान्ह्या मुलाचे दूध बंद होईल. आवश्यकतेची याहून चांगली व्याख्या मला तरी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही. दुसरी कसोटी येथे हाती येते : *खर्च बंद केला असता कोणाचे काय तुटते, हे माणसाचे नाव घेऊन सांगता आले पाहिजे.*

यादी कोण करतो?

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजीराजे निवर्तले. मागे राण्या होत्या, कन्या होत्या, पुत्र नव्हता. कंपनीने गादी खालसा केली. १८५६ च्या ऑक्टोबरात राजवाड्यावर पहारे बसले आणि भांडारांना मोहोरा लागल्या. राज्याची मालमत्ता कोणती आणि घरची कोणती, याचा निवाडा न होताच सर्व काही सरकारजमा झाले. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्य घेणे हे राजसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे तेथे ठरले. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता विधवा राण्यांस परत केली; परंतु ती कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे.

योगायोग असा की, ज्या १८५६ साली तंजावरच्या भांडारांना मोहोरा लागल्या, त्याच साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू कुटुंबाच्या 'गरजे'विषयी एक महत्त्वाचा निवाडा दिला होता. हनुमानप्रसाद पांडे यांचा तो खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो. अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या आईने मिळकत गहाण टाकली. ते गहाण मुलावर बंधनकारक आहे का, असा प्रश्न होता. न्यायाधीशांनी सांगितले की, मिळकतीवर खरोखर कोणता दाब होता, कोणते संकट टळावयाचे होते, किंवा कोणता लाभ व्हावयाचा होता, हे त्या त्या प्रसंगी पाहिले पाहिजे. याच सूत्रावरून पुढे न्यायालयांनी सरकारी सारा, कुटुंबाचे पोषण, मुलामुलींचे विवाह, आवश्यक धर्मकृत्ये अशा बाबी कुटुंबाच्या गरजेत धरल्या. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात ऋणकोच्या घरातून काय जप्त करू नये याची यादी आहे : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. ही यादी वाचताना डोळ्यांसमोर एक साधे घर उभे राहते. कायद्याने केवळ पोट पाहिले नाही. ज्याच्या योगे उद्याचे पोट भरावयाचे ते हत्यारही घरात ठेवले.

परंतु कोणतीही यादी कोणीतरी केलेली असते. तंजावरच्या राजवाड्यात ती रेसिडेंटने आणि कमिशनरने केली. जिच्या घराची ती होती त्या कामाक्षीबाईंना ती करता आली नाही. तिसरी कसोटी म्हणून हे नोंदविले पाहिजे : *खर्चाची रेघ ओढणाऱ्याला घरातील सर्व माणसे दिसतात का?*

काय उरले?

सरफोजीराजांचे ग्रंथ १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. १९८३ मध्ये सरस्वती महालास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. आज तंजावरची मोडी दफ्तरे वाचावयाची तर तेथे जावे लागते. छत्रांची मालमत्ता यथावकाश जिल्ह्याच्या स्थानिक मंडळाकडे गेली, आणि तिच्याच आधारे तिरुवैयारु येथे संस्कृत व तमिळ विद्येचे 'राजाचे महाविद्यालय' उभे राहिले. वाटसरूंच्या भातासाठी बाजूस काढलेला पैसा पुढे विद्यार्थ्यांच्या कामी आला.

आणि त्यागराजांची समाधी? ती दीर्घकाळ दुर्लक्षित होती. १९२० च्या दशकात बंगलोर नागरत्नम्मा या विख्यात गायिकेने आपल्या आयुष्यभराच्या कमाईतून तेथे मंदिर बांधविले. देवदासी कुळात जन्मलेल्या या बाईस आराधनेत पुरुषांच्या बरोबरीने गाण्याचीही मुभा नव्हती. म्हणून तिने स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली, आणि पुढे १९४० च्या सुमारास सर्व पक्ष एकत्र आले. तिच्या हितचिंतकांनी म्हातारपणासाठी काही राखून ठेव असे तिला सांगितले असेलच. तिच्या वहीत मात्र समाधी हाच आवश्यक खर्च होता. ज्यांनी धन नाकारले त्यांचे स्मारक एका स्त्रीने स्वतःच्या धनाने उभारले, यात विसंगती नाही. धन नाकारण्याचा आणि धन खर्चण्याचा अधिकार दोघांनीही आपल्याच हाती ठेवला होता.

दूरध्वनी आणि इंटरनेट

आता पुन्हा घरच्या वहीकडे येऊ. भारतात मोबाईल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला, आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला आले. त्या वेळी दोन्ही श्रीमंतांची चैन समजली गेली, आणि त्या दरांत ती चैनच होती. पुढील पाव शतकात घरखर्चाची घडणच पालटली. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चातील ५९.४० टक्के भाग अन्नावर जाई. २०२२-२३ मध्ये तो ४६.३८ टक्क्यांवर आला. शहरांत हेच प्रमाण ४८.०६ वरून ३९.१७ वर आले. पूर्वी ज्यांना 'इतर' म्हणत असू त्या रकमांनी आता अन्नाहून अधिक जागा व्यापली आहे. साहजिकच रेघ कोठे ओढावी हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

तिन्ही कसोट्या येथे लावून पाहू. खर्च बंद केला तर कोणाचे काय तुटते? २०२० च्या महामारीत शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरी एकच फोन होता, तेथे दोन मुलांपैकी एकाचा वर्ग चुकला. त्या काळात फोन हे विद्यार्थ्याचे हत्यार होते, आणि हत्यार जप्त करू नये हे तर १९०८ चा कायदाही सांगतो. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या अर्जावर, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. दुकानदाराचा गल्ला, शेतकऱ्याचा बाजारभाव, निवृत्तांचे निवृत्तिवेतन, सारे आज याच तारेवर चालते. तंजावरकडच्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. साडेतीनशे वर्षे तमिळ मुलखात जी बोली घरातल्या घरात टिकली, ती बोलणारी माणसे आता चेन्नई, बंगळूर, मुंबई आणि परदेश येथे विखुरली आहेत. आजी एका देशी आणि नात दुसऱ्या. त्यांच्यातील बोलणे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी ती बोलीही थांबेल.

पण पहिली कसोटीही तितकीच खरी. जी जोडणी हप्त्याने घेतलेल्या महागड्या यंत्राशिवाय चालत नाही, जी रात्रंदिवस डोळे आणि मन बांधून ठेवते, जिच्यासाठी औषधाचे पैसे मागे पडतात, ती जोडणी हत्यार नव्हे, मनोरा होय. दुसऱ्याच्या वैभवासाठी आपल्या पैशाने उभारलेला. म्हणून 'इंटरनेट आवश्यक की अनावश्यक' हा प्रश्नच मुळात नीट विचारलेला नाही. बोलणे, शिकणे, कमावणे आणि आजारपणात हाक मारता येणे एवढ्यापुरती जी साधी जोडणी लागते ती डावीकडे. त्यापुढील सारे उजवीकडे, घरात ऐपत असेल तसे.

आणि तिसरी कसोटी? पैशाची ओढाताण झाली की, घरात सर्वांत आधी कोणाचे रिचार्ज थांबते हे पाहावे. बहुधा ते म्हातारीचे असते. 'तिला काय लागतो फोन?' असे सहज म्हटले जाते. ती तक्रार करीत नाही. म्हणून तिचा खर्च अनावश्यक ठरतो.

हे मी दुसऱ्यांना उपदेश म्हणून लिहीत नाही. मोबाईलच्या आधीच्या काळात आमच्या घरी तारेचा दूरध्वनी होता. एका ओढाताणीच्या वर्षी वडिलांनी वही पुढे घेऊन दोन-दोन महिन्यांच्या बिलांची बेरीज केली, आणि दूरध्वनी परत करून टाकला. पत्रे आहेतच, असे ते म्हणाले. आणि हिशेब म्हणून ते बरोबरच होते. माझी आत्या तेव्हा तंजावर जिल्ह्यातील एका गावी एकटी राहत असे. महिन्यातून एकदा ती बाजारातील बूथवर जाऊन आम्हास फोन करी, आणि तीन मिनिटे होत आली की, स्वतःच ठेवून देई. त्या पावसाळ्यात ती आजारी पडली. शेजाऱ्याच्या आधाराने ती दोनदा बूथपर्यंत चालत गेली होती, आणि दोन्ही वेळा आमचा जुना क्रमांक फिरवून परतली होती, हे आम्हास तिच्या तेराव्या दिवशी कळले. नवा क्रमांक नव्हताच, हे तिला पत्राने कळवावयाचे राहून गेले होते.

वडील त्यावर काही बोलले नाहीत. पुढील वर्षी दूरध्वनी पुन्हा घेतला. वहीत त्या महिन्याच्या पानावर ती रक्कम त्यांनी डाव्या अंगास लिहिली, औषधाच्या खालच्या ओळीवर.

मंडळापुढील काम

मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली. या पन्नास वर्षांत सभागृहाचे भाडे, गणेशोत्सवाचा मंडप, ग्रंथालयाची पुस्तके, आजारी सभासदास मदत अशा अनेक रकमा आपल्या कार्यकारिणीने डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे हलविल्या असतील. पुढील अंदाजपत्रक मांडताना माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वृद्ध सभासदांपैकी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या भगिनींपैकी, किती जणींचा फोन चालू आहे याची एक यादी करावी. ज्यांचा बंद असेल त्यांचा वर्षाचा साधा खर्च मंडळाने उचलावा, आणि तरुण सभासदांनी त्यांना तो वापरावयास शिकवावे. रक्कम मोठी होणार नाही. सरफोजीराजांच्या छत्रांत मध्यरात्रीस घंटा वाजे, ती कोणी राहून गेले आहे का हे विचारण्यासाठी. आपल्या वहीतही अशी एक घंटा असावी.